चाकांवरचा संसार आणि नावावरचे घर

नोकरीतून किंवा घरसंसाराच्या मुख्य जबाबदारीतून मोकळ्या झालेल्या स्त्रीने राहते घर सोडावे अथवा लहान करावे, साठलेल्या सामानाचा मोठा भाग देऊन टाकावा आणि उरलेला संसार एका वाहनात बसवून वर्षाचे काही महिने, कधी वर्षानुवर्षे, त्या वाहनातूनच फिरत राहावे, ही राहणी अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या देशांत गेल्या पन्नास वर्षांत चांगलीच रुजली आहे. झोपण्याची जागा, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी आणि शौचालय एकाच सांगाड्यात बसवलेल्या अशा वाहनाला आपल्याकडे कॅराव्हॅन किंवा मोटारगृह म्हणतात. महाराष्ट्रात ही राहणी अद्याप रुजलेली नाही. परंतु तिचे जे दोन घटक आहेत, म्हणजे संसार आवरता घेणे आणि थोडक्या सामानानिशी वाटेला लागणे, त्या दोहोंचा अनुभव मराठी स्त्रियांच्या गाठीशी आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात हे दोन्ही अनुभव, शिवाय मनाविरुद्ध घर सोडावे लागण्याचा तिसरा अनुभव, एकाच भूभागात शेजारी शेजारी आढळतात, म्हणून या विषयाचा विचार तेथून सुरू करणे उपयोगाचे ठरते.

पुणे शहराच्या पश्चिमेला सुरू होऊन सह्याद्रीच्या धारेपर्यंत गेलेल्या या तालुक्याची पूर्व बाजू आता जवळजवळ शहरच झाली आहे. हिंजवडी आणि माण येथे माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत, पिरंगुट परिसरात कारखाने आहेत, भूगाव आणि भुकूमच्या बाजूने गृहसंकुले वाढली आहेत, आणि पौड या तालुक्याच्या गावापासून पुढे गेल्यावर मुळशी धरणाचा जलाशय आणि ताम्हिणी घाट लागतो, जेथे काही वर्षी पावसाचा आकडा सहा हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. याच पट्ट्यात निवृत्त माणसांसाठीच्या वसाहती उभ्या राहिल्या. भूगावच्या फॉरेस्ट ट्रेल्स वसाहतीत परांजपे स्कीम्सने ‘अथश्री’ या नावाने ज्येष्ठांसाठी वेगळी घरे बांधली, तर डोंगरात लवासा येथे ‘आशियाना उत्सव’ ही ज्येष्ठांची वसाहत झाली. लवासा प्रकल्प पुढे 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. निवृत्तीचे घर घेताना चार भिंतींइतकीच भोवतालच्या गावाची प्रकृतीही तपासावी लागते, हे त्यावरून कळते. अशा घरांची बांधणी कशी असावी याचे किमान निकष महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, 2024 साली ठरवून दिले. चाकाची खुर्ची सहज जाईल इतके रुंद दरवाजे, उंबरठ्याऐवजी उतार, न्हाणीघरात आधाराचे दांडे आणि न घसरणारी फरशी या गोष्टी आता बिल्डरच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत.

या वसाहतींत येणारी स्त्री कोण, हे पाहिले तर एक महत्त्वाचा सामाजिक बदल लक्षात येतो. शाळा, बँक, टपाल खाते, इस्पितळ, जिल्हा परिषद किंवा विमा कंपनी यांतून निवृत्त झालेल्या आणि स्वतःच्या नावाचे निवृत्तिवेतन मिळवणाऱ्या मराठी स्त्रियांची पिढी ही इतिहासात प्रथमच एवढ्या मोठ्या संख्येने दिसते आहे. तिच्या आईच्या हाती म्हातारपणी फार तर दागिने होते, आणि तेही बहुधा मुलांच्या अडीअडचणीत मोडलेले असत. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेल्या कर्मचाऱ्यांना जुन्या पद्धतीचे निश्चित निवृत्तिवेतन मिळते, त्यामुळे आज साठी ते पंचाहत्तरीच्या घरात असलेल्या अनेक शिक्षिका आणि परिचारिका आर्थिकदृष्ट्या कोणावर अवलंबून नाहीत. मुले परदेशी किंवा बंगळुरूला असतात, पुण्यातल्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास निघालेला असतो, आणि इमारत पाडायची म्हणून दोन-तीन वर्षांसाठी घर रिकामे करण्याची वेळ येते. पुण्यात संसार आवरण्याचे निमित्त पुष्कळदा असे बाहेरून येते; निर्णय मात्र त्या निमित्ताने स्त्रीला प्रथमच घ्यावा लागतो.

मराठी घरातले सामान हे निव्वळ खरेदी केलेल्या वस्तूंचा साठा नसतो. माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ आजेसासूचे असते, पितळी डबे रुखवतातले असतात, सोऱ्या आणि चकलीचा साचा दिवाळीखेरीज वर्षभर निघत नाही, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या दहा माणसांच्या कुटुंबाच्या मापाने घेतलेल्या असतात आणि गोधड्यांत चार पिढ्यांची लुगडी शिवलेली असतात. या वस्तूंची देखभाल आयुष्यभर स्त्रीनेच केली, त्यामुळे त्यांची यादी तिच्या डोक्यात असते आणि त्या काढून टाकण्याचे कामही तिच्याच अंगावर पडते. पुरुषाच्या वाट्याला सहसा पुस्तके, अवजारे आणि जुन्या फाइली येतात. याला आवराआवर म्हणून कमी लेखणे चुकीचे ठरेल, कारण प्रत्येक भांड्यामागे एक नाते आहे आणि ते भांडे कोणाला द्यायचे हा प्रश्न खरे तर त्या नात्याची पुढची व्यवस्था लावण्याचा प्रश्न आहे. घाईने, सामान उचलणारा टेम्पो दारात उभा असताना, हा निर्णय घ्यावा लागला तर त्याची चुटपुट पुढे अनेक वर्षे राहते.

पूर्वीच्या पुण्यात हे काम थोडे थोडे, सतत चालू राहत असे. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडे देणारी बोहारीण दारावर येई आणि कपाट मोकळे होई, अर्थात त्याच वेळी फडताळात एका पातेल्याची भर पडे. मोडीच्या भावाने तांबे-पितळ तांबट आळीत जाई. घरगुती वस्तूंना इतिहास असतो हे ओळखून त्या जमवणारे दिनकर केळकर (1896–1990) यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी आणि बायकांच्या नित्य वापरातल्या कितीतरी चिजा गोळा केल्या आणि त्यांतून पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. एका पिढीने अडगळ म्हणून बाहेर काढलेले पुढच्या पिढीने तिकीट काढून पाहिले, हे लक्षात घेतले तर आजच्या ज्येष्ठ स्त्रियांनी वस्तू देताना तिची माहिती एका कागदावर लिहून सोबत द्यावी, ही सूचना अनाठायी वाटणार नाही. पुण्यात कचरावेचक स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरातील जुने कपडे, भांडी आणि फर्निचर स्वीकारते, आणि त्यांतले वापरण्याजोगे सामान पुन्हा कोणाच्या तरी संसाराला लागते.

वाहनात संसार बसवायचा म्हटले की मात्र हिशोब भावनेकडून वजनाकडे वळतो. प्रत्येक वाहनाचे एक कमाल भारित वजन ठरलेले असते, म्हणजे वाहन, इंधन, पाणी, सामान आणि माणसे मिळून किती किलोपर्यंत ते सुरक्षितपणे चालेल याची मर्यादा असते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, त्यामुळे शंभर लिटरची टाकी भरली की सामानाच्या वाट्याचे शंभर किलो तेथेच संपतात. जड वस्तू खाली आणि शक्यतो चाकांच्या आसाजवळ ठेवाव्या लागतात, नाहीतर घाटातल्या वळणावर गाडी एका अंगाला झुकते. पुस्तके, लोखंडी तवे, काचेच्या बरण्या आणि दगडी खलबत्ता या गोष्टी म्हणूनच सर्वांत आधी उतरतात. अशा राहणीत मुरलेल्या स्त्रिया प्रत्येक वस्तूला दोन तरी कामे असावीत असा नियम पाळतात आणि नवी वस्तू आत आली तर जुनी एक बाहेर जाते.

पाण्याचे दोन प्रकार येथे समजून घ्यायला हवेत. आंघोळीचे आणि भांड्यांचे सांडपाणी एका टाकीत साठते, शौचालयाचे मैलापाणी दुसऱ्या बंद टाकीत साठते, आणि दर काही दिवसांनी दोन्ही टाक्या ठरावीक जागी रिकाम्या कराव्या लागतात. परदेशांतील वाहनतळांवर त्यासाठी भूमिगत नळ्यांची सोय असते. ती नसेल तर संपूर्ण राहणीच कोलमडते, कारण मुळशीसारख्या ठिकाणी, जेथे ओढ्याचे पाणी खालच्या गावात प्यायला जाते, तेथे टाकी उघड्यावर सोडणे हा शेजाऱ्यांवरचा उघड अन्याय होय. दिवसाचा बराच भाग अशा कामांत जातो. पाणी भरणे, गाडी सपाट जागी लावणे, बॅटरी आणि छपरावरच्या सौर पट्ट्या तपासणे, पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर किती उरला याचा अंदाज घेणे, ओल्या कपड्यांना ऊन शोधणे आणि संध्याकाळी अंधार पडण्यापूर्वी सुरक्षित मुक्काम गाठणे, हाच तो दिनक्रम. प्रवासवर्णनांत जी दृश्ये येतात ती या कामांच्या मधल्या वेळात पाहायची असतात. घरकामातून सुटका व्हावी म्हणून कोणी ही राहणी पत्करली तर तिची निराशा होईल. येथे घरकाम कमी होत नाही, ते फक्त आटोपशीर होते आणि दुसऱ्या कोणाच्या वेळापत्रकाने करावे लागत नाही. हा दुसरा लाभ मोठा आहे.

अमेरिकेत या राहणीला संघटित रूप देण्यात स्त्रियांचा वाटा ठळक आहे. के पीटरसन यांनी पती ज्यो यांच्यासह 1978 साली ‘एस्केपीज’ हा क्लब सुरू केला आणि टेक्सास राज्यातील लिव्हिंगस्टन हे गाव त्याचे केंद्र झाले. कायम फिरतीवर असलेल्या सभासदांचे टपाल तेथे येते आणि पुढच्या मुक्कामावर पाठवले जाते, त्यामुळे त्यांना कायदेशीर पत्ता मिळतो. ज्यांना वयामुळे किंवा आजारपणामुळे गाडी चालवणे जमत नाही, त्यांच्यासाठी त्याच गावी एक केंद्र आहे. सभासद आपल्याच वाहनात राहतो आणि जेवण, औषधपाणी, डॉक्टरकडे नेणे-आणणे यांची सोय केंद्र पाहते. एकट्याने किंवा मैत्रिणींबरोबर फिरणाऱ्या स्त्रियांसाठी 1991 साली ‘आरव्हिंग विमेन’ ही वेगळी संघटना निघाली, जिच्या मेळाव्यांत चाक बदलण्यापासून वायरिंगपर्यंत सर्व काही स्त्रिया स्त्रियांना शिकवतात.

याच अमेरिकेची दुसरी बाजू पत्रकार जेसिका ब्रूडर यांनी 2017 सालच्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकातून पुढे आणली, ज्यावर क्लोई झाओ यांनी काढलेल्या चित्रपटाला 2021 साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळाला. 2008 च्या मंदीत घर किंवा बचत गमावलेल्या, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर घरभाडे परवडत नसलेल्या साठीतल्या स्त्रिया जुन्या व्हॅनमध्ये राहतात, सणासुदीच्या हंगामात गोदामांत पाठ मोडेस्तोवर काम करतात, बीटाच्या कापणीला जातात आणि उन्हाळ्यात सरकारी छावण्यांची शौचालये धुतात, असे ब्रूडर यांना आढळले. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही व्हॅन सारख्याच दिसतात. एका व्हॅनमागे बँकेतली ठेव आणि परतण्याची जागा आहे, दुसरीमागे काही नाही, आणि या एका फरकाने त्या राहणीचा अर्थ पार बदलतो.

महाराष्ट्रात हा फरक समजायला परदेशी जाण्याची गरज नाही. बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पाचट, भांडी, कोंबड्या आणि लेकरे घालून साखर कारखान्याच्या वाटेला लागणारी बीड जिल्ह्यातली ऊसतोड मजूर स्त्री दरवर्षी सहा महिने चाकांवरचाच संसार करते, आणि तिला निवृत्ती नाही. मुळशीत तर घर सोडण्याची गोष्ट शंभर वर्षांपूर्वी घडली. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी मुळा-नीला खोऱ्यात धरण बांधायला घेतले तेव्हा मावळ्यांनी, म्हणजे तेथल्या शेतकऱ्यांनी, 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्याचे नेते झाले, आणि बायकांनीही त्यात भाग घेऊन मार सोसला. 1924 पर्यंत चाललेला हा लढा यशस्वी झाला नाही. भातखाचरे, देवळे, घरे आणि उखळे पाण्याखाली गेली, पाणी डोंगराच्या पलीकडे भिरा येथे वीज करायला वळवले गेले आणि खोऱ्यातल्या कुटुंबांना हाती आले तेवढे सामान घेऊन वर डोंगरात किंवा दूरच्या गावी जावे लागले. आज ज्या जलाशयाच्या काठी पर्यटक तंबू ठोकतात आणि जेथे कॅराव्हॅन लावण्याची कल्पना मोहक वाटते, तो काठ अशा सक्तीच्या आवराआवरीतून झाला आहे. तेथे मुक्काम करणाऱ्याला ही माहिती असायला हवी.

स्वेच्छेने सामान कमी करून वाटेला लागण्याची मराठी रीत पाहायची तर आषाढी वारीकडे वळावे लागते, कारण तेथे साठी ओलांडलेली स्त्री ही अपवाद नसून त्या चालत्या गावाची मोठी लोकसंख्या आहे. ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून आणि तुकारामांची देहूहून ज्येष्ठाच्या वद्य पक्षात निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर अडीच-तीन आठवड्यांत तोडून पंढरपूरला पोहोचते. मुळशी आणि मावळ या पट्ट्यात वारकरी संप्रदाय खोलवर मुरलेला आहे. भाताची रोपे टाकून झाल्यावर आणि लावणी सुरू होण्याच्या आसपास वारीचे दिवस येतात, त्यामुळे शेतकरी घरातल्या बाईला वारीला जायचे तर खाचरातले काम सुनेने किंवा जावेने उचलावे लागते. थोरल्या बाईने वारीला जाणे म्हणजे घरातला कारभार पुढच्या पिढीकडे गेल्याची एक प्रकारची जाहीर नोंदच असते. नोकरदार स्त्रीला निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल मिळते. शेतकरी स्त्रीला तशी तारीख नसते, तिच्या वाट्याची मोकळीक वारीच्या रूपाने येते.

दिंडी म्हणजे एका वीणेमागे चालणारा वारकऱ्यांचा संघटित गट. त्यात सामील होणारी व्यक्ती जेवणखर्चापोटी ठरावीक रक्कम भरते, तिला भिशी म्हणतात. दिंडीचा ट्रक हा या चालत्या गावाचा खरा संसार आहे. त्यात पातेली, शिधा, सरपण किंवा गॅस, तंबूचे कापड आणि प्रत्येकाचा बोजा असतो, पाण्याचा टँकर सोबत असतो, आणि माणसे चालत असताना हे वाहन पुढे जाऊन मुक्कामाच्या गावी जागा धरते, राहुट्या ठोकते आणि चुली पेटवते. बोजा ठेवायला माणशी जागा ठरलेली असल्यामुळे पिशवी लहानच ठेवावी लागते. दोन लुगडी, एक चादर, गोळ्यांची पुडी, तांब्या, ताटली, हरिपाठाची पोथी, पावसासाठी प्लॅस्टिकचे इरले आणि कमरेच्या चंचीत थोडे पैसे, एवढ्यात तीन आठवडे निघतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या बाईला स्वतःच्या सामानापेक्षा तुळशीचे वजन अधिक असते. ट्रकमधला संसार सर्वांचा असल्याने प्रत्येकीला वेगळी कढई लागत नाही, आणि येथेच दिंडी अमेरिकी मोटारगृहापेक्षा पुढे जाते: तेथे एकेका स्त्रीने आपले घर लहान केले, येथे शेकडो माणसांनी मिळून एकच घर चाकांवर घातले.

त्या दिनक्रमालाही शिस्त आहे. पहाटे उठून आंघोळ उरकायची, काकड्याला उभे राहायचे, दिवसभर अभंग म्हणत चालायचे, दुपारच्या विसाव्याला पाय मोकळे करायचे आणि संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी, जेथे हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची नावे चोपदार पुकारतो, तेथे हजर राहायचे. वारीचे गुणगान करताना तिच्यातील अडचणी झाकू नयेत. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’ या संग्रहातील ‘वाटचाल’ या लेखात आपल्या दिंडीचे वर्णन केले आहे. एकाच देवाचे नाव घेणाऱ्या बायका जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, हे त्यांना जाचले आणि त्यांनी ते स्पष्ट लिहिले. स्त्रियांची दुसरी अडचण शौचाची आणि आंघोळीच्या आडोशाची. अंधार असेपर्यंतच विधी उरकायचे म्हणून पाणी कमी पिणे आणि त्यापायी मूत्रमार्गाचे आजार ओढवून घेणे, हे वयस्क बायकांच्या बाबतीत फार होत असे. निर्मल वारी उपक्रमातून फिरती शौचालये मार्गावर लागू लागल्यापासून यात फरक पडला आहे, पण संध्याकाळी लागणाऱ्या रांगा पाहिल्या तर संख्या अजून पुष्कळ वाढायला हवी, हे कोणीही मान्य करील.

वारीखेरीज इतर काळात मराठी ज्येष्ठ स्त्रीचे चाकांवरचे घर म्हणजे एसटी. वयाची 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्य परिवहनाचा प्रवास 26 ऑगस्ट 2022 पासून मोफत झाला आणि 17 मार्च 2023 पासून सर्व वयाच्या स्त्रियांना निम्मे तिकीट लागू झाले. अष्टविनायक, साडेतीन शक्तिपीठे, लेकीचे गाव आणि माहेर या फेऱ्यांना त्यामुळे बळ आले. उलट रेल्वेने ज्येष्ठ स्त्रियांना दिलेली निम्म्या भाड्याची सवलत मार्च 2020 मध्ये थांबवली, आणि ती पुन्हा सुरू होणे गरजेचे आहे.

महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, ज्यात अशा वाहनांच्या नोंदणीबरोबर पाणी, वीज आणि स्वच्छतेच्या सोयी असलेली कॅराव्हॅन उद्याने उभारण्याची तरतूद आहे. धोरण चांगले आहे, पण उद्यानांचे जाळे विणले गेल्याशिवाय एकट्या स्त्रीला त्याचा उपयोग नाही, कारण तिचा पहिला प्रश्न रात्री गाडी कोठे उभी करायची हा असतो. वाहनाविषयी दोन नियम ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी झालेल्या गाडीच्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, त्यामुळे जुनी ट्रॅव्हलर घेऊन गल्लीतल्या गॅरेजमध्ये पलंग आणि गॅस बसवून घेणे बेकायदा ठरू शकते आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात अडचण येते. दुसरे म्हणजे वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर वाहनपरवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ज्या स्त्रीने आयुष्यभर स्कूटर चालवली तिने सत्तरीत साडेसहा मीटरची गाडी ताम्हिणीच्या पावसात नेऊ नये. चालकासह भाड्याने मिळणारी गाडी आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ हा शहाणपणाचा पर्याय आहे. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात द्यावा लागणारा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने देता येतो, आणि सत्तरीपुढच्या सर्वांना 2024 पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे, त्यामुळे फिरतीवर असताना बँकेची आणि इस्पितळाची चिंता काहीशी कमी झाली आहे.

संसार आवरण्याच्या या सगळ्या विषयात सर्वांत जोखमीची जागा मात्र सामानात नसून कागदांत आहे. भांडी दिली तर पुन्हा घेता येतात. सही दिली तर परत घेणे फार अवघड असते. हिंजवडी, पिरंगुट आणि भूगावच्या बाजूने जमिनीला मोल आल्यापासून विधवा आई, बहीण किंवा आत्या यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची घाई घराघरांत दिसते. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची विधवा, मुले, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस असतात, आणि कलम 14 नुसार स्त्रीच्या वाट्याला आलेली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची होते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेतून बायकोच्या नावावर जमीन करण्याचा आग्रह धरला तो हेच ओळखून. शहरातली आईही ‘आता मला काय करायचे आहे’ म्हणत फ्लॅट मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देते आणि वृद्धाश्रमाच्या खोलीत तिचा संसार खरोखरच एका पिशवीत मावतो. त्या पिशवीची आणि वारकरी स्त्रीच्या पिशवीची बरोबरी कोणी करू नये.

2007 च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्याच्या कलम 23 मध्ये यावर उपाय आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करवून घेता येते, आणि त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र याच कलमाखाली रद्द ठरवून तिला घर परत दिले. मात्र सांभाळाची अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असणे निर्णायक ठरते, कारण ती तोंडी असेल तर आईच्या हाती पुरावा उरत नाही.

म्हणून वारीला, परिक्रमेला, मैत्रिणींबरोबर सहलीला किंवा उद्या एखाद्या कॅराव्हॅनमधून देश पाहायला निघू इच्छिणाऱ्या प्रत्येक स्त्रीने माळ्यावरच्या भांड्यांना हात घालण्यापूर्वी सातबारा, इंडेक्स टू, सोसायटीचे भागपत्र आणि बँकेतल्या नामनिर्देशनाचे कागद एकदा पाहून घ्यावेत, आपले नाव जेथे असायला हवे तेथे ते आहे याची खात्री करावी, आणि द्यायचेच असेल तर आपल्या पश्चात मिळेल अशा मृत्युपत्राने द्यावे, हयातीत बक्षीसपत्राने देऊ नये. मुलांनीही आईला हे कागद काढून वाचून दाखवावेत.